ॲलनमधली शुक्रवारची रात्र: नव्यानं आलेल्या मराठी आईबाबांसाठी

टेक्सासात डॅलसच्या उत्तरेला, ॲलनसारख्या गावांत राहणारी आपली बरीच माणसं शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यात वाजवायला मुलाला बँडच्या युनिफॉर्मसकट शाळेशी सोडतात, पुढचे तीन तास किराणा भरण्यात नाहीतर गाडीत फोन बघण्यात घालवतात आणि रात्री त्याला उचलून घरी येतात. पोरगं चार वर्षं त्या मैदानात वाजवतं आणि आईबापांनी त्याला एकदाही वाजवताना पाहिलेलं नसतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "आपल्याला त्या खेळातलं काय कळतंय?"

कळायची गरज नाही, निदान पहिल्या दिवशी तरी. मी कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ हे फुटबॉलचे संघ समोरासमोर आले की गॅलरीतल्या निम्म्या लोकांना ऑफसाइड समजत नसतो, पण आपण कुणाच्या बाजूचे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ॲलनमध्ये तीच ईर्षा आहे. फक्त चेंडू लंबुळका, हातात धरून पळायचा, आणि पेठेच्या जागी अख्खं गाव. तेव्हा खेळ शिकायला जाऊ नका, गाव बघायला जा. मी लिहितोय ते ॲलनचं, पण प्लेनो, फ्रिस्को, मॅकिनी कुठंही राहत असाल तरी थोड्याफार फरकानं लागू पडेल.

निघण्याआधी

तिकीट ऑनलाइन काढा, आणि काढताना 'होम' बाजूचंच काढताय ना ते बघा. 'व्हिजिटर' बाजूला बसलात तर समोरच्या गावाच्या आजोबांच्या मांडीला मांडी लावून स्वतःच्या पोरीच्या बँडला टाळ्या वाजवाव्या लागतील. ते काही बोलत नाहीत, नुसते बघतात.

पर्स, बॅकपॅक, डायपरची बॅग, सगळं पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत. नेहमीची पर्स घेऊन गेलात तर दारावरून गाडीपर्यंत परत यावं लागतं, आणि गाडी तोवर फार लांब लावलेली असते. सामना बहुधा सातला सुरू होतो. सहाला पोहोचा, म्हणजे पार्किंगही मिळेल आणि आत खेळाडू अंग मोकळं करताना दिसतील.

ॲलनचा रंग निळा आणि पांढरा. नवीन टीशर्ट विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही, पण त्या दिवशी समोरच्या शाळेचा रंग कुठला ते बघून घ्या आणि तेवढा टाळा. सप्टेंबरच्या सुरुवातीला सात वाजताही इथं चांगलंच ऊन असतं, बाकडी तापलेली असतात. नोव्हेंबरात त्याच बाकड्यावर गोधडी घेऊन बसावं लागतं. आज्जी-आजोबा भारतातून आले असतील तर त्यांना ऑक्टोबरमध्ये न्या, त्यांची चैन होईल.

खाण्याचं: बाहेरचं आत नेता येत नाही, म्हणून जेवून जा. आत नाचोज, पॉपकॉर्न आणि अख्खी भली मोठी आंबवलेली काकडी मिळते. ही काकडी कागदात धरून खायची असते आणि आपल्या जिभेला ती बरी लागते. 'फ्रिटो पाय' नावाचा प्रकार दिसेल. मक्याच्या चिप्सची पुडी फोडून वर चिली नावाचा दाट रस्सा ओततात. त्या चिलीत बीफ असतं. न खाणाऱ्यांनी आधी विचारावं.

खेळ, गरजेपुरता

ज्याच्याकडे चेंडू आहे त्या संघाला चार प्रयत्न मिळतात. एका प्रयत्नाला 'डाऊन' म्हणतात. चार डाऊनमध्ये मिळून दहा यार्ड पुढं सरकलं की पुन्हा नवीन चार. नाही सरकलं की चेंडू दुसऱ्याचा. बहुतेक वेळा चौथ्या डाऊनला धोका न पत्करता चेंडू लांब लाथाडून देतात. शेवटच्या पट्ट्यात चेंडू नेला की टचडाऊन, सहा गुण, आणि वर जोडगुण. मैदानातून खांबांमधून मारला तर तीन. बारा-बारा मिनिटांचे चार डाव, पण घड्याळ सारखं थांबतं, म्हणून सामना अडीच-तीन तास चालतो.

आता महत्त्वाचं. आपला संघ चेंडू घेऊन उभा असताना ओरडायचं नाही. आपल्याला उलट वाटतं, आपला फलंदाज खेळायला आला की आपण बोंब मारतो. इथं आपल्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू खेळवणाऱ्या म्होरक्याला, हाका देऊन खेळ सांगायचा असतो, तो आवाज त्याच्याच पोरांना ऐकू गेला पाहिजे. समोरच्याकडे चेंडू असेल तेव्हा घसा फाडा, त्यातही तिसऱ्या डाऊनला. घंटा, डबे, जे असेल ते वाजवा. एवढं एक पथ्य पाळलंत तर शेजारचा माणूस तुम्हाला दहा वर्षं येताय असं समजेल.

बँड बघायचा कसा

ॲलनच्या बँडचं नाव 'एस्काड्रिल'. देशातल्या सगळ्यात मोठ्या शालेय बँडांत तो गणला जातो. शेकडो मुलं एका वेळी मैदानात उतरतात. म्हणून जागा निवडताना पुढची रांग घेऊ नका. पन्नास यार्डाच्या रेषेच्या, म्हणजे मैदानाच्या मध्याच्या आसपास आणि शक्य तितक्या वरच्या रांगेत बसा. खालून नुसत्या टोप्या दिसतात. वरून आकृत्या दिसतात: सरळ रेषा वाकते, वर्तुळ उलगडतं, दोन गट एकमेकांतून आरपार निघून जातात आणि कुणी कुणाला धडकत नाही.

धडकत का नाही, ते माझ्या मुलीनं मला दिवाणखान्यात दाखवलं. ती मेलोफोन वाजवते. प्रत्येक मुलाला प्रत्येक आकृतीत स्वतःचा एक ठिपका असतो, त्याला ते 'डॉट' म्हणतात. अमुक यार्ड रेषेपासून इतकी पावलं डावीकडं, पुढच्या कडेपासून इतकी मागं, असा त्याचा पत्ता. पाऊल साधारणपणे पाच यार्डाला आठ, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं. टाच आधी टेकायची, बोटं वर, मग पाऊल लाटण्यासारखं पुढं गुंडाळत न्यायचं, म्हणजे वरचं धड हलत नाही आणि तोंडाशी धरलेलं वाद्य दातावर आपटत नाही. आमच्या फरशीची एक लादी बारा इंचांची. तिनं दोन लाद्यांना थोडं कमी असा हिशेब धरून स्वयंपाकघरापासून दारापर्यंत ताल न चुकता चालून दाखवलं, आणि वर मला म्हणाली, "बाबा, तुम्ही चालता तेव्हा तुमचं डोकं खालीवर होतं."

याची तयारी ऑगस्टमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधीच चालू होते, तीही उघड्या डांबरी पार्किंगवर. रुंद काठाची टोपी, सनस्क्रीन आणि गॅलनभर पाण्याचा जग लागतो, यात काटकसर करू नका. बूट पातळ तळव्याचे नकोत. शाळा सुरू झाल्यावर मात्र शाळेच्या वेळेबाहेरच्या सरावावर राज्याची मर्यादा आहे: शाळेच्या आठवड्यात आठ तास. अभ्यासाचं काय होणार, असा घोर ज्यांना लागलाय त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

त्याहून मोठा दिलासा 'नो पास, नो प्ले' या नियमाचा. टेक्सासनं तो १९८४ मध्ये शिक्षणसुधारणेच्या कायद्यात घातला. अभ्यासात ७० च्या खाली घसरलं की स्पर्धेत उतरता येत नाही, मग तो क्वार्टरबॅक असो नाहीतर बासरीवाली. होय, बँडलाही तो लागू आहे. प्रशिक्षकांनी तेव्हा फार आरडाओरडा केला होता. आपल्या लोकांना मात्र हा एकच नियम ऐकून टेक्सास आवडायला लागतं.

हाफटाइममध्ये बहुधा पाहुण्यांचा बँड आधी येतो, मग ड्रिल टीम, मग आपला बँड. ॲलनच्या ड्रिल टीमला 'टॅलनेट्स' म्हणतात. पाय डोक्याच्या वर नेणाऱ्या या मुलींच्या रांगांचा उगमही टेक्सासातलाच. किलगोर कॉलेजमध्ये १९४० मध्ये गसी नेल डेव्हिस या बाईंनी 'रेंजरेट्स' उभ्या केल्या आणि मग शाळाशाळांतून त्याची लागण झाली. लोक हाफटाइमला नाचोज आणायला उठतात. तुम्ही उठू नका. नाचोज दुसऱ्या डावात आणून ठेवा.

तिसऱ्या डावात बँडच्या मुलांना सुट्टी असते, ती खायला-प्यायला मोकळी सुटतात. तेव्हा डबा घेऊन त्यांना शोधत जायचं नाही. मुलाकडे दहा डॉलर आधीच देऊन ठेवा आणि तो समोरून गेला तर अनोळखी असल्यासारखं बघा. तो खूण करेल तेव्हाच हात हलवा.

सामना संपला की लगेच गाडीकडे पळू नका. जिंकलो किंवा हरलो, खेळाडू बँडसमोर येऊन उभे राहतात आणि शाळेचं गीत होतं. सगळे उभे राहतात, तुम्हीही राहा. शब्द येत नसतील तर नुसतं उभं राहिलं तरी चालतं, निम्म्या गोऱ्या बापांनाही येत नाहीत.

होमकमिंग आणि ते भलं मोठं फूल

सप्टेंबर-ऑक्टोबरमधला एक घरचा सामना होमकमिंगचा. जुने विद्यार्थी परत येतात, राजा-राणी निवडतात, दुसऱ्या दिवशी किंवा त्या आठवड्यात नाच असतो. हे सगळीकडे आहे. पण टेक्सासात त्या शुक्रवारी मुली छातीवर 'मम' लावून शाळेत जातात, हे आधी माहीत नसलेल्या आईची तारांबळ उडते.

मम म्हणजे शेवंतीचं फूल. पूर्वी मुलगा मुलीला खरी शेवंती आणि दोन रिबिनी द्यायचा. मग फूल कापडाचं झालं, रिबिनी वाढल्या, आणि आता त्याची पार मुंडावळ्या-बाशिंगाची मिरवणूक झालीय. बशीएवढं फूल, कधी एक तर कधी तीन-चार, मध्ये टेडी बेअर, खाली घोट्यापर्यंत लोंबणाऱ्या वेण्या घातलेल्या रिबिनी, त्यांवर चिकटवलेली नावं, छोटे फुटबॉल, पितळी घंटा, वर बॅटरीचे दिवे. मुलगी चालली की बैलजोडी आल्यासारखा आवाज होतो. इतकं वजन सेफ्टी पिनेला पेलत नाही, म्हणून गळ्यात पट्टा घालून अडकवतात. मुलांसाठी हाच प्रकार छोटा, दंडावर बांधायचा, त्याला 'गार्टर' म्हणतात. शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना बऱ्याच शाळांत पांढरा-चंदेरी रंग राखून ठेवलेला असतो. नववीतल्या मुलीला हौसेनं चंदेरी रिबीन लावू नका, ती घरी येऊन रडेल.

दुकानातून करून घेतलं तर साधं मम परवडतं, मोठं मात्र काही शे डॉलरवर जातं. घरी करा. हस्तकलेच्या दुकानात ऑगस्टपासून एक अख्खी रांग याच सामानाची लावलेली असते: पुठ्ठ्याचा पाया, फूल, शाळेच्या रंगाच्या रिबिनी, घंटा. हॉट ग्लूची पिस्तूल घ्या. पुठ्ठ्यावर आधी मागच्या लांब रिबिनींचा थर लावायचा, मग कडेनं चुण्या घातलेली झालर, आणि फूल सगळ्यात शेवटी. फूल आधी चिकटवलं की झालर नीट बसत नाही. आमच्या सौभाग्यवतींनी एका वर्षी झालरीत गौरीच्या मखराची उरलेली जर लावली. कुणाच्याच मममध्ये तशी नव्हती, आणि पोरीच्या मैत्रिणी पुढच्या वर्षी आमच्याकडे रिबिनी घेऊन आल्या.

एक सावधगिरी. मुलगा एखाद्या मुलीला पोस्टर रंगवून होमकमिंगला विचारतो. घरी पोस्टर दिसलं म्हणून लगेच कोल्हापूरला फोन लावू नका. बहुतेक जण दहा-बारा जणांच्या घोळक्यात जातात, जेवतात, फोटो काढतात, नाचतात आणि परत येतात. मम मात्र कोण कुणाला देणार हे दोन्हीकडच्या आयांनी आधी बोलून ठरवावं, नाहीतर एकीकडे दोन होतात आणि एकीकडे शून्य.

गावाचा इतिहास कुठं शोधायचा

शुक्रवारच का, असं माझ्या वडिलांनी इथं आल्यावर विचारलं होतं. शाळा शुक्रवारी, कॉलेजं शनिवारी, व्यावसायिक संघ रविवारी, अशी वाटणी आधीपासून होती, आणि १९६१ च्या क्रीडा-प्रक्षेपणाच्या केंद्रीय कायद्यानं तिला कुंपण घातलं. सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर एनएफएल या व्यावसायिक लीगनं सामने दाखवून शाळांची गर्दी पळवू नये, अशी त्यात तजवीज आहे. शाळकरी पोरांच्या खेळासाठी संसदेनं कलम घातलेलं ऐकून बाबांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

टेक्सासात शाळांच्या स्पर्धा 'यूआयएल' ही संस्था चालवते. १९२० मध्ये तिच्या पहिल्या फुटबॉल अजिंक्यपदाचा अंतिम सामना क्लीबर्न आणि ह्यूस्टन हाइट्स यांच्यात शून्य-शून्य सुटला आणि पद वाटून द्यावं लागलं. पण ही संस्था तेव्हा फक्त गोऱ्यांच्या शाळांची होती. काळ्या मुलांच्या शाळांसाठी 'प्रेअरी व्ह्यू' नावाची वेगळी लीग १९७० पर्यंत चालली. मैदानं शुक्रवारी गोऱ्या शाळांकडे, म्हणून त्यांचे सामने बुधवारी-गुरुवारी रात्री होत. पिट्सबर्ग स्टीलर्स या एनएफएल संघाचा दंतकथा झालेला खेळाडू जो ग्रीन टेंपल गावच्या डनबार या अशाच शाळेतून आला. जुन्या गावांत ज्यांच्या शाळा गोऱ्या-काळ्यांच्या शाळांच्या एकत्रीकरणात बंद झाल्या असे म्हातारे अजून भेटतात. त्यांच्याशी बोलायला मिळालं तर सोडू नका, कारण त्यांच्या शाळांच्या बऱ्याच ट्रॉफ्या आज कुठल्याच काचेच्या कपाटात नाहीत.

ॲलनची गोष्ट वेगळी आहे आणि आपल्यासाठी सोयीची आहे. हे रेल्वेमुळं वसलेलं ठिकाण, १८७८ मध्ये सॅम बासनं इथल्याच स्टेशनवर गाडी लुटली तेवढी त्याची जुनी कीर्ती. १९७० मध्ये इथं दोन हजारही वस्ती नव्हती. २०२० च्या जनगणनेत लाखाच्या वर. म्हणजे स्टेडियममध्ये 'आमचं गाव' म्हणून ओरडणारे बहुतेक सगळे तुमच्यासारखेच कुठून तरी आलेले आहेत, फक्त थोडे आधी. पहिलं राज्य अजिंक्यपद २००८ चं. शेजारच्या प्लेनोनं तोवर सात जिंकून ठेवली होती, पहिलं १९६५ चं. पण प्लेनोनं गाव वाढलं तशा शाळा वाढवल्या आणि पोरं विभागली गेली. ॲलननं एकच मोठं हायस्कूल ठेवलं. संघाची ताकद, बँडचा आकार आणि स्टेडियमची गर्दी या तिन्हींचं मूळ त्या निर्णयात आहे. त्याची दुसरी बाजूही बघा: एवढ्या मोठ्या शाळेत संघात जागा मिळणं महाकठीण, आणि बुजऱ्या पोराला हरवल्यासारखं वाटतं. बँड किंवा असाच एखादा गट तिथं त्याची आळी होतो.

स्टेडियमही शाळेच्या आवारातच आहे. गावानं २००९ मध्ये मत देऊन कर्जरोखे मंजूर केले, २०१२ मध्ये ते उघडलं: १८ हजार आसनं, खर्च सुमारे ६ कोटी डॉलर. सगळ्या देशानं नाकं मुरडली. २०१४ मध्ये काँक्रीटला तडे गेले म्हणून ते बंद ठेवावं लागलं, तेव्हा तर चेष्टेला ऊतच आला. त्या वर्षी ॲलन घरच्या मैदानाशिवाय खेळलं आणि अजिंक्यपद घेऊन आलं. क्वार्टरबॅक होता कायलर मरी. त्यानं सुरुवातीपासून खेळलेल्या ४२ पैकी ४२ सामने शाळेनं जिंकले आणि २०१२, १३, १४ अशी ओळीनं तीन पदं आणली. पुढं २०१८ मध्ये व्यावसायिक बेसबॉल संघांच्या खेळाडू-निवडीत पहिल्या फेरीत नाव, त्याच वर्षी कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी, आणि २०१९ मध्ये एनएफएलच्या खेळाडू-निवडीत पहिला नंबर. ॲलनची ५७ विजयांची साखळी २०१५ च्या उपांत्य फेरीत ऑस्टिनच्या वेस्टलेकनं तोडली. वेस्टलेकचं नाव जुन्या पालकांसमोर जपून काढा.

हे सगळं मला वाचून कमी आणि खाण्याच्या स्टॉलवर उभं राहून जास्त कळलं. बँडच्या पालकांची 'बूस्टर' संघटना असते, तिला नेहमी माणसं कमी पडतात. नाव द्या. चीजचा पंप दाबत दोन तास कुणाच्या शेजारी उभं राहिलं की तो स्वतःच्या काळातलं सगळं ओकतो. तुमच्या शाळेची जुनी वार्षिकं गावच्या ग्रंथालयात विचारा. नॉर्थ टेक्सास विद्यापीठानं जुनी स्थानिक वर्तमानपत्रं ऑनलाइन चढवली आहेत, तिथं गावाचं नाव आणि वर्ष टाकून बघा.

पोराला खेळू द्यायचं का

हा प्रश्न प्रत्येक गणपतीत मला कुणीतरी विचारतो. टेक्सासात शाळेचा फुटबॉल सातवीपासून सुरू होतो. डोक्याला मार बसण्याची भीती खरी आहे, तिला हसू नका आणि मुलाला भित्रा म्हणू नका. २०११ पासून राज्याच्या कायद्यानं असा मार बसल्याचा संशय आला की खेळाडूला तिथंच बाहेर काढावं लागतं आणि डॉक्टरच्या लेखी परवानगीशिवाय परत घेता येत नाही. माझं मत विचाराल तर धडका घ्याव्या लागतात अशा जागेवर माझ्या पोराला मी पाठवणार नाही. पण जो खेळतो त्याच्या आईला तोंडावर हे सांगायला जाऊ नका.

नोव्हेंबरनंतर

प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीचे सामने, सुरू झाले की वेळापत्रक विसरा. सामना कुठं, हे दोन प्रशिक्षक बसून ठरवतात आणि जमलं नाही तर नाणं उडवतात. थँक्सगिव्हिंगच्या सकाळी सराव असणं ही इथं मिरवायची गोष्ट आहे, कारण त्याचा अर्थ संघ अजून टिकून आहे. अंतिम सामने डिसेंबरात आर्लिंग्टनला, डॅलस काउबॉइज या एनएफएल संघाच्या स्टेडियममध्ये. शनिवारी बँडच्या स्पर्धा असतात आणि आपल्या मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रमही बहुधा शनिवारीच. नाटकात मुलीचं काम असेल तर ऑगस्टमध्येच दोन्ही तारखा शेजारी ठेवून बघा, ऐनवेळी कुणीही ऐकत नाही.

मुलांना उचलायला जाताना घाई करू नका. वाद्यं ट्रेलरमध्ये चढवून, युनिफॉर्म हँगरला लावून बाहेर यायला पाऊण तास सहज जातो, आणि बाहेरगावचा सामना असेल तर बस मध्यरात्रीच्या सुमारास येते. गाडीत पाणी आणि दोन थालीपिठं ठेवा. मैत्रिणीला घरी सोडायचं असेल तर चार ठेवा.